काळी पल्सर की करडी स्कूटर? डोळ्यांदेखत पाहिलेलं चुकतं कसं?

दुर्वा_नौपाडा
लिहू की नको करत तीन आठवडे गेले. डोक्यातून जात नाहीये, म्हणून शेवटी धागा काढतेय.

आमच्या आत्या (नवऱ्याची आत्या, वय ७१) रोज सकाळी कोपिनेश्वराला जातात. ठाण्याच्या नौपाड्यातली आमची गल्ली, सकाळचे साडेसहा, पाऊस नुकताच उघडलेला. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. मागून दोघं गाडीवरून आले, मागच्याने आत्यांच्या गळ्यात हात घातला, माळ तुटली, आत्या फुलांच्या पिशवीसकट खाली. सगळं मिळून चार-पाच सेकंद. आमच्याकडे दूध टाकणारा मुलगा समोरच्या जिन्यातून धावत आला, थोडा गाडीमागे पळाला, मग मागे वळून त्याने आत्यांना हाताला धरून उठवलं.

चौकीत मी सांगितलं, काळी पल्सर. अगदी छातीठोक. आत्यांनी सांगितलं, मागे बसलेल्याच्या मनगटाला लाल दोरा होता आणि चेहरा ओळखीचा वाटला. तिसऱ्या दिवशी त्यांना मोबाईलवर काही फोटो दाखवले. घटनेच्या वेळी तिथे होता म्हणून त्यात दूधवाल्या मुलाचाही होता. आत्या म्हणाल्या, "हाच." पोराला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं.

मग गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सोनाराच्या कॅमेऱ्याचं चित्रण मिळालं. गाडी करड्या रंगाची स्कूटर. मागच्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचा रेनकोट, मनगट दिसायचा प्रश्नच नाही. आणि स्कूटर पुढे निघून जात असताना आमचा दूधवाला हातात क्रेट घेऊन जिन्यातून बाहेर येताना दिसतो.

आत्या खोटं बोलल्या नाहीत. मीही नाही. मग पल्सर आली कुठून? आजही डोळे मिटले की मला पल्सरच दिसते, टाकीवरच्या ओघळलेल्या पाण्यासकट.

बाळ्या_डोंबिवली
ताई, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. हलके घ्या.

ऐरोलीकर
चार-पाच सेकंदांत, वरून, पावसाळी उजेडात. नीट दिसलंच नसणार. यात गूढ काही नाही.

दुर्वा_नौपाडा
@ऐरोलीकर, नीट दिसलं नसतं तर "दिसलं नाही" असं वाटायला हवं ना? मला "दिसलं" असंच वाटतंय, हीच तर अडचण आहे.

शमिका_वाशी
अगं दुर्वा, तुझं हे शेवटचं वाक्य मी उद्या वर्गात फळ्यावर लिहिणार आहे. (मी मानसशास्त्र शिकवते. बारावीनंतरच्या मुलांना, म्हणजे अर्धे मोबाईलमध्ये असतात त्यांना.)

आपण मनात धरून चालतो की स्मरण म्हणजे सोनाराचा कॅमेरा. रेकॉर्ड झालं, साठलं, हवं तेव्हा लावून पाहिलं. पण १९३२ मध्ये केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने दाखवून दिलं की तसं होत नाही. त्याने इंग्रज लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि नंतर पुनःपुन्हा आठवून लिहायला सांगितली. दर खेपेला गोष्ट आखूड होत गेली आणि जास्त इंग्रजी होत गेली. कथेतली होडकी साध्या बोटी झाल्या. जे पचेना ते गळून पडलं, जे सुटं वाटत होतं त्याला कारणं चिकटली. आपल्या डोक्यात प्रत्येक गोष्टीचे साचे तयार असतात, आठवताना आपण त्या साच्यातून गोष्ट पुन्हा पाडतो. आता मला सांग, ठाण्यात साखळी ओढणाऱ्यांची गाडी म्हटली की तुझ्या डोक्यात कुठली येते? मोपेड नक्कीच नाही.

दुसरा भाग त्याहून गमतीचा. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली ४५ विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या सात छोट्या फिल्म दाखवल्या आणि विचारलं, गाड्यांचा वेग किती होता? प्रश्नात फक्त क्रियापद बदललं. मराठीत तो प्रयोग करायचा तर माझ्या डोक्यात क्रियापदं तयार आहेत. "गाडी गाडीला लागली", "घासली", "धडकली", "ठोकली". आणि माणसाच्या बाबतीत तर आपण सरळ "उडवलं" म्हणतो, तो जागच्या जागी बसला असला तरी! तर सगळ्यात सौम्य शब्द ऐकलेल्यांनी सरासरी ताशी ३१.८ मैल सांगितला, सगळ्यात जोरकस शब्दवाल्यांनी ४० च्या वर. फिल्म तीच.

यावर कुणी म्हणेल, हा नुसता अंदाजातला फरक, आठवण कुठे बदलली? म्हणून त्यांनी दुसऱ्या १५० जणांना एकच अपघात दाखवला आणि आठवड्याने विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? काच फिल्ममध्ये नव्हतीच. जोरकस क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६ जण "हो" म्हणाले, साधं क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७, आणि वेगाबद्दल काहीच न विचारलेल्या ५० पैकी ६. आठवड्यापूर्वीच्या एका शब्दाने काच फोडली.

दुर्वा, माझा तुला एकच प्रश्न. "पल्सर" हा शब्द तुझ्या तोंडून पहिल्यांदा कधी निघाला? चौकीत की त्याआधी? फोनमध्ये शोध. सकाळी कुणाला काही पाठवलं होतंस का?

बाळ्या_डोंबिवली
वाचनखूण साठवली. चष्म्याबद्दलचे शब्द मागे घेतो.

कोर्टनाका
फौजदारी वकील, २२ वर्षं. रोज हेच बघतो, म्हणून थोडं लांब लिहितो.

कायद्याला क्रियापदाची ताकद मानसशास्त्राच्या आधीपासून ठाऊक आहे. सरतपासात, म्हणजे ज्याने साक्षीदार आणला त्याच्याच वकिलाने प्रश्न विचारताना, सूचक प्रश्नाला बंदी आहे. "गाडी काळी होती ना?" असं विचारलं की समोरचा वकील ताडकन उठतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम १४६ मध्ये आहे. पण गंमत बघा. साक्षीदार पिंजऱ्यात येतो घटनेनंतर कधी तीन, कधी सात वर्षांनी. त्याला खरे सूचक प्रश्न विचारले गेलेत पहिल्याच दिवशी, चौकीतल्या बाकावर. तिथे उठून हरकत घ्यायला कोण असतं?

बरं, जबाब साक्षीदाराच्या शब्दांत क्वचितच असतो. "अंगाने मध्यम, रंग सावळा, उंची अंदाजे साडेपाच फूट, सदर इसमास पुन्हा पाहिल्यास ओळखेन." हे वर्णन वाचून मी स्वतःलाच अटक करवून घेऊ शकतो. पोलिसांपुढच्या या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, आणि उलटतपासात आम्ही विचारतो की तुम्ही आज सांगताय तो लाल दोरा जबाबात का नाही? त्यावरचं उत्तर ठाणे कोर्टाच्या भिंतींनाही पाठ झालंय: "पोलिसांनी तसे का लिहिले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही."

आता दुर्वाताईंच्या आत्यांनी जी ओळख पटवली तिच्याबद्दल. मोबाईलवर फोटो दाखवणं म्हणजे ओळख परेड नव्हे. परेडला पोलीस हजर नसतात, दंडाधिकारी ती घेतात, बहुतेक वेळा नायब तहसीलदार. मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेप्रमाणे एका संशयितामागे त्याच्यासारखी दिसणारी निदान सहा माणसं रांगेत हवीत. त्याआधी साक्षीदाराने आरोपीला पाहू नये म्हणून तोंडावर बुरखा घालून नेतात. एवढं करूनही परेड हा मूळ पुरावा नाही. कोर्टात उभं राहून केलेली ओळख हा मूळ पुरावा, परेड तिला टेकू. आणि आधी फोटो दाखवला असेल तर तो टेकूही डगमगतो, कारण परेडमध्ये साक्षीदार ओळखतो तो चोर की फोटो, हे कुणी सांगायचं?

ऐरोलीकर
सगळं मान्य, पण मला हे जरा एकांगी वाटतंय. वर्गात बसून फिल्म बघणारे विद्यार्थी वेगळे आणि ज्याच्या गळ्यात हात पडतो तो वेगळा. खऱ्या प्रसंगी माणूस जिवाच्या आकांताने बघतो. आणि हे असंच चाललं तर उद्या प्रत्येक गुन्हेगाराचा वकील (कोर्टनाका, राग नसावा) म्हणेल, बाई, तुमची आठवण साच्यातून पडलीय.

शमिका_वाशी
ऐरोलीकर, तुमचा मुद्दा खुद्द या क्षेत्रातल्या लोकांनीच मांडलाय. कॅनडात एका बंदुकीच्या दुकानाबाहेर गोळीबार झाला होता. मालक जखमी, चोर ठार. युल आणि कटशॉल या दोघांनी चार-पाच महिन्यांनी त्यातल्या १३ साक्षीदारांना गाठून मुलाखती घेतल्या, १९८६ मध्ये अभ्यास छापला. त्या लोकांना बरंच बरोबर आठवत होतं आणि मुद्दाम घातलेल्या फसव्या प्रश्नांनाही ते फारसे बधले नाहीत. म्हणजे स्मरण कचरा आहे असं मी म्हणतच नाहीये. प्रसंगाचा गाभा बहुधा टिकतो. चोरी झाली, दोघं होते, मागून आले, माळ मागच्याने ओढली. चारही गोष्टी दुर्वा आणि आत्यांनी अचूक सांगितल्या! रंग, मेक, चेहरा, दोरा, म्हणजे कुणाला आत टाकायचं हे ज्यावर ठरतं, नेमकं तेच पातळ असतं.

आणि जिवाच्या आकांताने माणूस बघतो खरं, पण काय बघतो? हत्यार असेल तर नजर हत्याराला चिकटते, चेहरा राहून जातो. यावरही प्रयोग झालेत.

आत्यांच्या लाल दोऱ्याबद्दल माझा अंदाज: दूधवाल्या मुलाच्या मनगटाला दोरा आहे ना? पडल्यावर त्यांना उठवायला जो हात पुढे आला तो त्यांनी अगदी जवळून पाहिला. दोन हात, अर्ध्या मिनिटाच्या अंतराने, दोन्ही अंगाला लागलेले. दोरा खरा, चेहरा खरा, फक्त कुठून आला याची चिठ्ठी गळून पडली. ओळखीचा वाटला, कारण तो ओळखीचाच होता. रोज बेल वाजवतो.

याचं सगळ्यात विलक्षण उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. डोनाल्ड थॉमसन नावाच्या मानसशास्त्रज्ञावर एका स्त्रीने बलात्काराचा आरोप केला, चेहरा अचूक ओळखला. पण त्या वेळी तो टीव्हीवर थेट कार्यक्रमात होता. हल्ला झाला तेव्हा तिच्या घरात टीव्ही चालू होता, पडद्यावर तो. त्याच्या अभ्यासाचा विषयही स्मरणशक्तीच!

दुर्वा_नौपाडा
आहे. लाल दोरा आहे त्याच्या हाताला. मी आत्ता उठून जिन्यात जाऊन बघून आले. अर्थात ठाण्यात तो अर्ध्या गावाच्या हातात असतो.

पाचपाखाडीचे_आजोबा
मुलांनो, धागा वाचून मला राहवेना. थोडं अवांतर आहे.

२६ जुलै २००५. मंगळवार. मी तेव्हा कुर्ल्याला नोकरीला. गेली वीस वर्षं मी ही गोष्ट सांगतोय: संध्याकाळी निघालो, कमरेएवढ्या पाण्यातून चालत, मुलुंड चेकनाक्याला एका बाईंनी खिडकीतून चहा आणि ग्लुकोज बिस्किटं दिली, रात्री दोन वाजता घरी पोचलो, सौ. दारात मेणबत्ती घेऊन उभी. नातवंडांना पाठ आहे. सौ. दर वेळी म्हणते, मेणबत्ती कुठली, तुम्ही रात्री आलाच नव्हतात. मी म्हणतो, तुझ्या लक्षात नाही.

काल माळ्यावरून त्या वर्षीची डायरी काढली. माझंच अक्षर, २७ जुलैच्या पानावर: "रात्र हापिसात टेबलावर. सकाळी ११.४० ला घरी. उजवी चप्पल गेली."

एवढंच. चहा नाही, चेकनाका नाही. मग हळूहळू उलगडा झाला. चेकनाक्याचा चहा आमच्या साडूंचा! ते त्या रात्री चालत आले होते, आणि दर गणपतीला ते आपली गोष्ट सांगायचे, मी माझी. कधी सरमिसळ झाली देव जाणे. चप्पल मात्र मला डायरी वाचूनसुद्धा आठवत नाही. मेणबत्ती अजून दिसते.

बाळ्या_डोंबिवली
काका, काकूंची माफी मागितलीत की नाही?

पाचपाखाडीचे_आजोबा
प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

शमिका_वाशी
आजोबा, तुम्ही घरच्या घरी नायसरचा प्रयोग केलात! अशा धक्क्याच्या आठवणी फोटोसारख्या पक्क्या छापल्या जातात, अशी एक कल्पना १९७७ मध्ये मांडली गेली होती. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान कोसळलं, तेव्हा उलरिक नायसरने दुसऱ्याच दिवशी सकाळी आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठे, कुणाकडून कळली. अडीच-तीन वर्षांनी त्यांनाच पुन्हा विचारलं. ४४ पैकी ११ जणांची दुसरी हकिकत पहिलीशी कुठेच जुळेना, तरी बऱ्याच जणांची खात्री जबर. आणि स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद समोर ठेवला तरी जुनी आठवण परत आली नाही. तुमच्या चपलेसारखीच.

नंतर २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यावर तालारिको आणि रुबिन यांनी असंच तपासलं. हल्ल्याची आठवण आणि त्याच सुमाराच्या कुठल्याशा फुटकळ दिवसाची आठवण, दोन्ही सारख्याच वेगाने झिजल्या. फरक एकच, हल्ल्याच्या आठवणीबद्दलची खात्री झिजली नाही.

ऐरोलीकर
काल रात्री या विषयावर बरंच वाचत बसलो, त्यामुळे माझा सूर थोडा उतरलाय.

१९८४, अमेरिकेतलं नॉर्थ कॅरोलायना राज्य. एका विद्यार्थिनीवर तिच्या घरात घुसून बलात्कार झाला. मी वर म्हटलं तशीच ही मुलगी. जिवाच्या आकांताने तिने त्याचा चेहरा न्याहाळला, वाचले तर याला पकडून देईन म्हणून. पोलिसांनी सहा फोटो ठेवले, तिने वेळ घेऊन एक निवडला: रोनाल्ड कॉटन. मग प्रत्यक्ष रांग लावली. फोटोतल्या सहांपैकी रांगेत एकटा कॉटनच होता. तिने पुन्हा तोच निवडला आणि तिला सांगण्यात आलं की फोटोतही तू यालाच निवडलं होतंस. कोर्टात येईपर्यंत ती शंभर टक्के ठाम. पुढे दुसऱ्या खटल्यात खरा गुन्हेगार तिच्यासमोर आणला, तिने त्याला ओळखलंच नाही. १९९५ मध्ये डीएनएने कॉटन सुटला. साडेदहा वर्षं आत.

पुढे त्या दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं, चुकीच्या ओळखीविरुद्ध बरोबर फिरून भाषणं दिली. मला झोप लागली नाही.

कोर्टनाका
त्या "बरोबर, यालाच निवडलं होतंस" मध्ये सगळं आलं. १९९८ मध्ये गॅरी वेल्स आणि ब्रॅडफिल्ड यांनी लोकांना दुकानाच्या कॅमेऱ्याचं धूसर चित्रण दाखवलं आणि मग फोटो दिले, ज्यांत खरा माणूस नव्हताच. लोकांनी कुणी ना कुणी निवडला. ज्यांना नंतर "छान, तुम्ही संशयितालाच ओळखलंत" असं म्हटलं, ते फक्त जास्त ठामच झाले नाहीत, तर त्यांना आधीही नीट दिसलं होतं, नीट लक्ष होतं, असंही वाटू लागलं. म्हणजे एका शाबासकीने मागच्या दिवसाचा उजेडसुद्धा वाढला.

आमच्याकडे साक्षीदार पिंजऱ्यात किती ठाम आहे यावरून त्याचं वजन ठरतं. सगळे ठाम साक्षीदारावर खूश असतात. मी आता नवीन ज्युनियरला सांगतो, ठामपणा बघायचा तर पहिल्या दिवसाचा बघ, पहिल्या तासाचा. तोही कुणी काही सुचवलं नसेल तर. त्या वेळची खात्री खरोखर कामाची असते. सात वर्षांनंतरची खात्री म्हणजे सात वर्षं सांगितलेली गोष्ट.

दुर्वा_नौपाडा
शमिका, सापडलं. मुद्दाम दोन दिवस बघितलं नव्हतं, भीती वाटत होती.

सकाळी ६.४१ ला मी नवऱ्याला (तो पुण्याला होता) आवाजी निरोप पाठवलाय. माझाच धापा टाकणारा आवाज, मागे आत्यांचं कण्हणं. जशाच्या तशा शब्दांत लिहिते: "अरे आत्यांची माळ ओढली, गाडीवरून दोघं, गाडी कुठली काय माहीत, मी चिमटे घेत होते, ओरडल्यावर बघितलं, तर पाठच दिसली."

गाडी कुठली काय माहीत! म्हणजे मी पाहिलीच नव्हती.

मग सोसायटीचा ग्रुप चाळला. ७.०५ ला वॉचमनकाकांचं म्हणणं कुणीतरी टाकलंय: "ब्लॅक पल्सर वाटते." ७.२० ला मी: "हो, काळी पल्सर." मधली पंधरा मिनिटं आम्ही सगळे खाली उभे राहून तेच बोलत होतो. आणि वॉचमनकाका तर तेव्हा मागच्या बाजूला पंप लावत होते!

शमिका_वाशी
यालाच शोधत होते मी. फियोना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जोडीतल्या दोघांना एकाच घटनेची दोन वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली चित्रणं दाखवली, दोघांना वाटत होतं आपण तेच पाहिलं. मग आपसात बोलू दिलं. ७१ टक्के लोकांनी पुढे किमान एक तरी अशी गोष्ट सांगितली जी त्यांना दिसणं शक्यच नव्हतं, फक्त जोडीदाराकडून ऐकलेली होती. आपण घटना घडली की आधी काय करतो? खाली उतरून घोळक्यात उभे राहतो.

पुढे कधी वेळ आलीच (न येवो), तर कुणाशी बोलायच्या आधी फोनवर स्वतःच्या आवाजात बोलून ठेव. काय दिसलं ते, आणि काय दिसलं नाही तेही. पोलिसांच्या तपासातही आता एक पद्धत सांगतात, फिशर आणि गाइझलमन यांची: मध्ये न तोडता, आधी जागा, हवा, वास, आवाज आठवू द्यायचे, मग जसं येईल तसं सगळं बोलू द्यायचं, "हाच का?" सगळ्यात शेवटी किंवा कधीच नाही.

कोर्टनाका
तो आवाजी निरोप पुसू नका. दुसऱ्या फोनवरही ठेवा.

ऐरोलीकर
दूधवाल्या मुलाचं काय झालं? ते कुणी विचारलंच नाही.

दुर्वा_नौपाडा
सोडला लगेच, चित्रण मिळालं त्याच दुपारी. कामावर येतो. पण आता बेल वाजवत नाही. पिशव्या दाराच्या कडीला अडकवतो आणि लिफ्ट न घेता जिन्याने उतरतो. परवा मी मुद्दाम दार उघडून उभी राहिले, तर म्हणाला, "वहिनी, आजींना सांगा, मी दोरा काढून टाकलाय."

आत्यांना आवाजी निरोप ऐकवला, कॅमेऱ्याचं चित्रण पुन्हा दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिलं, आणि म्हणाल्या, "मी तर पहिल्यापासून स्कूटरच म्हणत होते. पल्सर पल्सर तूच करत होतीस."